पान ८४, ओळ १२

[दृश्य: मॅनहॅटन, पर्ल स्ट्रीट. न्यायालयाची इमारत, सुरक्षा तपासणीची रांग]

न्यूयॉर्कच्या दक्षिण जिल्ह्याचं हे फेडरल, म्हणजे केंद्रीय, न्यायालय. खटल्याच्या दालनात कॅमेऱ्याला मज्जाव, त्यामुळे तिथली दृश्यं या फिल्ममध्ये नाहीत. आपलं काम तसंही मागच्या चेंबरमध्ये आहे. तिथे न्यायाधीशांच्या हाताखाली दोन-तीन तरुण वकील दिवसभर वाचत बसलेले असतात. हे लॉ क्लर्क. बरेच जण लॉ स्कूलमधून नुकतेच बाहेर पडलेले, नेमणूक साधारण एक किंवा दोन वर्षांची.

[दृश्य: होरेस ग्रे यांचं जुनं छायाचित्र]

ही प्रथा पाडली होरेस ग्रे यांनी. मॅसॅच्युसेट्सचे सरन्यायाधीश असताना, १८७५ मध्ये, त्यांनी एक ताजा पदवीधर मदतीला घेतला. पगार स्वतःच्या खिशातून. हार्वर्डमध्ये कायदा शिकवणारे त्यांचे सावत्र भाऊ जॉन चिपमन ग्रे हुशार विद्यार्थी हेरून पाठवायचे. त्यांतलेच एक लुई ब्रँडाइस, जे पुढे स्वतः सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. ग्रे १८८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले आणि प्रथाही त्यांच्याबरोबर गेली. १८८६ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, सर्वोच्च न्यायालयाच्या प्रत्येक न्यायमूर्तीला एक लघुलेखक-कारकून मंजूर केला, वर्षाला १६०० डॉलरवर. अपील न्यायालयांना लॉ क्लर्क मिळाले १९३० मध्ये, जिल्हा न्यायालयांना १९३६ मध्ये. साक्षीपुराव्याचे ढीग ज्यांच्या टेबलावर येतात, त्यांचा नंबर सगळ्यात शेवटी लागला.

[दृश्य: टेबलावर तीन जाड बाइंडर, रंगीत चिठ्ठ्या, शेजारी दोन स्क्रीन]

क्लर्क न्यायाधीशांसाठी आदेशाचा कच्चा मसुदा लिहितो. खऱ्या प्रकरणातला असा मसुदा चेंबरबाहेर जात नाही, म्हणून ही फाइल नमुन्यादाखल तयार केलेली आहे. दुकानात सांडलेल्या पाण्यावरून ग्राहक घसरला, पाय मोडला, भरपाईचा दावा झाला. दुकान चालवणाऱ्या कंपनीचं म्हणणं, प्रकरणात ज्युरीने ठरवावं असं काही उरलेलंच नाही, आत्ताच निकाल द्या. याला समरी जजमेंटचा अर्ज म्हणतात. क्लर्कच्या वाट्याला येणाऱ्या कामात हा फार वेळ खातो.

पहिला प्रश्न मोडलेल्या पायाचा नाही, न्यायालयाच्या अधिकाराचा. दावा राज्याच्या कायद्याखालचा आहे, मग तो फेडरल न्यायालयात कसा? वादी आणि प्रतिवादी वेगवेगळ्या राज्यांचे नागरिक हवेत आणि रक्कम ७५,००० डॉलरच्या वर हवी. इथे वकील हमखास अडखळतात. कंपनी ‘एलएलसी’, म्हणजे सभासदांच्या मालकीची मर्यादित दायित्वाची कंपनी, असेल तर ती कुठे नोंदवली आहे याला महत्त्व नाही. तिचा प्रत्येक सभासद कुठल्या राज्याचा नागरिक आहे, ते पाहायचं. सभासदांत दुसरी एलएलसी निघाली, की तिचे सभासद शोधायचे. एक जरी वादीच्या राज्याचा निघाला, तर न्यायालयाला अधिकारच नाही. हे ज्युरीच्या निकालानंतर उघडकीस आलं, तर तो निकालही रद्द होऊ शकतो. म्हणून दावा खरा की खोटा, या वाटेला क्लर्क आधी जातच नाही.

[दृश्य: क्रमांक घातलेल्या परिच्छेदांचं निवेदनपत्र, त्यावर पेन्सिल]

मग तथ्यं. या न्यायालयाच्या स्थानिक नियम ५६.१ प्रमाणे अर्जदाराने निर्विवाद तथ्यं क्रमवार मांडायची आणि प्रत्येकापुढे पुराव्याचा संदर्भ द्यायचा. विरोधी पक्षाने परिच्छेदागणिक उत्तर द्यायचं. ज्याचं खंडन केलं नाही, ते मान्य धरलं जातं. क्लर्क तक्ता आखतो: परिच्छेद, उत्तर, पुराव्याचं पान, आणि चौथ्या रकान्यात ‘पानावर खरंच काय आहे’. सगळा जीव या चौथ्या रकान्यात.

[दृश्य: क्लोज-अप, जबानीचं पान, डाव्या कडेला ओळींचे आकडे]

परिच्छेद १७ म्हणतो: पाणी सांडल्याचं व्यवस्थापकाला माहीत नव्हतं. संदर्भ: व्यवस्थापकाची शपथेवरची जबानी, पान ८४, ओळ १२. पान उघडलं. तिथे उत्तर आहे, “मला आठवत नाही.” ‘माहीत नव्हतं’ यावर कंपनी सुटू शकते. ‘आठवत नाही’ म्हटल्यावर वाद शिल्लक राहू शकतो, आणि तो ज्युरीपुढे जातो.

ही लबाडीच असते असं नाही. वकिलाच्या ऑफिसात कुणीतरी सारांश करतं, दुसरं कुणी सारांशाचा सारांश. कधी जबानीची निवडक पानंच जोडलेली असतात, ८३ आहे आणि ८५ आहे, ८४ नाहीच. कधी अवतरणातली तीन टिंबं नेमकं अडचणीचं वाक्य गिळतात. साक्षीदाराने जबानी वाचून नंतर दुरुस्तीपत्रक दिलेलं असतं, ते वेगळंच कुठेतरी शेवटी जोडलेलं असतं. क्लर्कने मूळ पान पाहिलं नाही, तर वकिलाचं वाक्य जसंच्या तसं न्यायाधीशांच्या आदेशात जाऊन बसतं.

[दृश्य: स्क्रीनवर निवाड्यांची यादी, शेजारी लाल झेंडे]

निवाड्यांचंही तेच. वेस्टलॉ या निवाड्यांच्या ऑनलाइन संग्रहावरचा लाल झेंडा म्हणजे तो निवाडा किमान एका मुद्द्यावर मोडीत निघाला. तो आपलाच मुद्दा आहे का, हे झेंडा सांगत नाही. त्यासाठी नंतरचा निवाडा वाचावा लागतो. मसुदा झाला की दुसरा क्लर्क कोऱ्या नजरेने प्रत्येक संदर्भ पुन्हा उघडतो, आणि मग न्यायाधीशांची लाल शाई.

घाई असते ती तारखांची. १९९० च्या कायद्यानुसार सहा महिन्यांहून जुने प्रलंबित अर्ज न्यायाधीशांच्या नावानिशी जाहीर होतात, ३१ मार्च आणि ३० सप्टेंबरच्या हिशेबाने. सप्टेंबरात चेंबरचे दिवे उशिरापर्यंत का जळतात, ते यावरून समजावं.

२०२५ मध्ये न्यू जर्सी आणि मिसिसिपीतल्या दोन फेडरल न्यायाधीशांना चुकांनी भरलेले आदेश मागे घ्यावे लागले. एका चेंबरमध्ये प्रशिक्षणार्थीने, दुसऱ्यात लॉ क्लर्कने एआय वापरलं होतं, आणि मसुदे नेहमीच्या पडताळणीविनाच बाहेर पडले.

[दृश्य: लॅपटॉपवर अर्जाचं पोर्टल]

लॉ क्लर्कच्या नोकरीसाठीचे अर्ज बहुतेक ‘ऑस्कर’ या पोर्टलवरून जातात: बायोडेटा, गुणपत्रक, शिफारसपत्रं आणि स्वतःच्या लेखनाचा नमुना. भारतातून विद्यार्थी व्हिसावर गेलेल्यांना पगारी जागा सहसा मिळत नाही. ग्रीन कार्ड असेल आणि नागरिकत्वाकडे वाटचाल असेल, तर दार उघडं आहे. नमुना पाठवताना मात्र एक काम करावं. त्यातली प्रत्येक तळटीप स्वतः उघडून पाहावी, कारण तो वाचणारा चेंबरमधला क्लर्क ती उघडून पाहणारच.