नजर

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचं आहे 'नजर' या एका शब्दाविषयी. अरबीतून फारसीच्या वाटेनं तो आपल्याकडे आला. मूळ अर्थ पाहणं. पण आपल्या खानदेशात या शब्दाचा खरा कस लागतो तो शिवारात.

रावेर-यावलकडच्या केळीच्या बागेत जाणता माणूस घडाखाली उभा राहतो आणि नुसतं वर बघतो. कोवळ्या केळाच्या धारा, म्हणजे सालीवरच्या उभ्या कडा, स्पष्ट दिसतात. गर भरत जातो तशा त्या मावळतात, फळाला गोलाई येते. माल लांबच्या बाजारात जायचा असेल तर धारा थोड्या शिल्लक असतानाच घड कापावा लागतो, नाहीतर तो वाटेतच पिकतो. आज कापायचा की चार दिवस थांबायचं, हे ठरवतो तो डोळाच. अशा माणसाची नजर तयार आहे, असं आपण म्हणतो. इथे नजर म्हणजे पारख, आणि ती वर्षानुवर्षं बागेत राबूनच येते.

अहिराणीत 'पोरले नजर लागनी' म्हटलं, की घरातली आजी मीठ-मोहरी घेऊन उठते. तो अर्थ सगळ्यांच्या ओळखीचा आहे.

जमिनीच्या व्यवहारातला 'नजराणा' मात्र वेगळ्या कुळातला. भोगवटादार वर्ग 2 ची, म्हणजे सरकारच्या अटींवर धारण केलेली जमीन विकायची तर परवानगीसोबत नजराणा भरावा लागतो. दरबारात 'नजर करणे' म्हणजे भेट देणे, तोच हा शब्द. अरबीत त्याचा अर्थ नवस, अर्पण असा आहे आणि त्याचं अक्षरही निराळं आहे. मराठीत दोन्हींना एकच 'ज' मिळाला, म्हणून ते भाऊ-भाऊ वाटतात.

आता ज्यासाठी हा विषय घेतला, ते सांगतो. हिंदीत 'नजरअंदाज करना' म्हणजे दुर्लक्ष करणं. हल्ली आपल्या बोलण्यातही तो अर्थ शिरला आहे. पण खरिपात 'नजर अंदाज पैसेवारी जाहीर' अशी बातमी येते, तिथे अर्थ नेमका उलटा आहे. पैसेवारी म्हणजे नेहमीचं पीक रुपयाएवढं धरलं, तर यंदाचं किती पैसे आलं याचा सरकारी आकडा. पीक शेतात उभं असताना, ते डोळ्यांनी पाहून बांधलेला अंदाज म्हणजे नजर अंदाज. मराठीचा हा अर्थ आपण जपलाच पाहिजे, कारण त्यावर कपाशीवाल्याचं, ज्वारीवाल्याचं बरंच काही अवलंबून असतं. पैसेवारी 50 पैशांच्या खाली गेली, की गावाची पीकस्थिती वाईट मानली जाते.

हा आकडा शेवटचा नसतो. त्यानंतर सुधारित पैसेवारी येते आणि कापणी झाल्यावर अंतिम. त्यासाठी शेतात ठरावीक मापाचा तुकडा आखून पीक कापतात, त्याचं वजन करतात. तेव्हा सप्टेंबरात नजर अंदाज ऐकून तिथेच थांबू नका, मंडळी. तुमच्या शिवारात पीककापणी प्रयोग कोणत्या दिवशी आहे ते तलाठ्याकडे विचारा आणि त्या दिवशी बांधावर हजर राहा. नमस्कार.