हिराकस, मायफळ आणि पाण्यावरची काळी साय

नमस्कार मंडळी. शाईच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतोय: "ताई, आमचं सगळं पाणीच काळं होतं, वर पापुद्रा धरतच नाही." म्हणून आज फक्त पापुद्रा, म्हणजे मायफळ आणि हिराकसाच्या पाण्यावर धरणारी काळी साय.

साहित्य पटकन सांगते. मायफळ, बाळगुटीतलं तेच, भरड कुटून रात्रभर भिजवा आणि फडक्यातून दोनदा गाळा. चिमूटभर हिराकस, म्हणजे लोहाचा हिरवा क्षार, वेगळ्या पाण्यात विरघळवा. पाणी उकळून गार केलेलं हवं, म्हणजे त्यातली हवा निघून जाते. पसरट काचेच्या भांड्यात ही दोन्ही पाणी भांड्याच्या कडेवरून हळूच सोडा. बाळाची सहाण यात आणू नका.

आता महत्त्वाचं. हिराकस हिरवाच हवा. त्यातलं लोह फेरस असतं, म्हणजे अजून ऑक्सिजन न लागलेल्या रूपातलं. मायफळातल्या टॅनिनशी, म्हणजे तुरट द्रव्याशी, ते जुळतं, पण विरघळलेलंच राहतं, रंगही फिका. ऑक्सिजन लागला की त्याचं फेरिक होतं आणि निळं-काळं, न विरघळणारं जाळं विणलं जातं. ऑक्सिजन वरून येतो, म्हणून जाळंही वरच. ढवळलंत की हवा तळापर्यंत गेली. ढवळू नका!

पहिल्यांदा पंचवटीतल्या आमच्या स्वयंपाकघरात मी हे केलं, तेव्हा हिराकस तपकिरी पडलेला मिळाला होता. दुकानदार म्हणाले, "तोच आहे, न्या." ओतताक्षणी भांडंभर काळं, तळाशी गाळ. जे पाण्यावर व्हायचं ते पुडीतच होऊन गेलं होतं. दोन दिवस मला याचं वाईट वाटत होतं.

एका दादांनी विचारलंय, फेरिक क्लोराइड का नको? 2013 साली मेलबर्नच्या संशोधकांनी तेच वापरून टॅनिक आम्लाचा थर चढवला होता ना? हो, अगदी बरोबर. पण तो घन कणांवर चढवायचा होता. आपल्याला थर हवाय पाणी आणि हवा जिथे भेटतात तिथे. फेरिक आधीच तयार असेल तर ते वरची वाट कशाला बघेल? साय धरेपर्यंत दूध हलवायचं नाही, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. इथेही तेच. पंखा बंद, भांड्याला हात नाही.

आपल्या नाशिकची द्राक्षं! बियांतलं टॅनिन चालेल का, असं बरेच जण विचारतात. ते वेगळ्या जातीचं, लोहाबरोबर हिरवट काळं होतं. पापुद्र्यासाठी मी मायफळच घेईन. आवळा लोखंडी कढईत काळा पडतो ना, त्याची जात मायफळाची.

हे बघा, भांडं जवळ आणते. वर धातूसारखी चकाकी दिसतेय? तेलाचा तवंग असता तर सुई फिरवल्यावर परत जुळून आला असता. आता टोचते... भेग पडली. आणि बघा, कडा तशाच उभ्या आहेत.