पाकातले बदाम: मुठीत बदाम किती आणि साखर किती

या दोन ताटल्या बघा. दोन्हींत बरोब्बर २८ ग्रॅम आहे, आत्ताच काट्यावर मोजून ठेवलंय. डावीकडे साधे बदाम, ते भरले २३. उजवीकडे साखरेच्या पाकात घोळवलेले, ते भरले १६. वजन तेच आहे, मग सात बदाम गेले कुठे? त्यांच्या जागी साखर आलीय, साधारण ९ ग्रॅम, म्हणजे चहाचे दोन चमचे भरून. आज मला याच सात बदामांबद्दल बोलायचंय.

पाकातले बदाम मी कालच केले. २०० ग्रॅम बदाम, १०० ग्रॅम साखर आणि थोडं पाणी, सगळं एकदमच कढईत. सुरुवातीला नुसता पातळ पाक उकळत असतो, फेस येतो, आपण ढवळत राहायचं, आणि मग पाणी आटत आलं की एका क्षणी पाक गढूळ होतो, साखरेचे परत खडे धरतात आणि प्रत्येक बदामावर पांढरी वाळू चिकटल्यासारखी दिसते. पहिल्यांदा करणाऱ्याला वाटतं बिघडलं सगळं, पण बिघडलेलं नसतं, आच मंद ठेवून हलवत राहिलं की तीच साखर परत वितळते, तपकिरी होते, चकाकी येते आणि घरभर तो खमंग वास सुटतो. पसरवून गार केले आणि वजन केलं तर २९० ग्रॅमच्या आसपास भरलं, बाकीचं पाणी होऊन उडालं नाहीतर कढईला आणि कालथ्याला चिकटून बसलं. थोडक्यात काय, मूठभर घेतले तर त्यातला तिसरा हिस्सा साखर.

आता कॅलरीज बघू, कारण पाकिटावर सगळे आधी तोच आकडा बघतात आणि नेमकी तिथेच फसगत होते. २८ ग्रॅम साध्या बदामांत साधारण १६० कॅलरीज, आणि तेवढ्याच वजनाच्या पाकातल्या बदामांत साधारण १४५. हो, कमी! बदामात निम्मं वजन फॅटचं असतं, एक ग्रॅम फॅट म्हणजे ९ कॅलरीज आणि एक ग्रॅम साखर म्हणजे ४, त्यामुळे बदाम काढून साखर भरली की आकडा खाली येतो. नुसत्या कॅलरीज बघून कोणी म्हणेल की गोडवाले जास्त हलके, पण त्या हलकेपणात प्रोटीन ६ ग्रॅमवरून ४ वर आलेलं असतं, फायबर साडेतीनवरून सव्वादोनच्या आसपास आलेलं असतं, आणि साखर १ ग्रॅमवरून १० वर गेलेली असते.

यात अजून एक गोष्ट आहे आणि मला ती फार महत्त्वाची वाटते. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये एक अभ्यास छापला होता, त्यात माणसांना मोजून बदाम खायला दिले आणि शरीरातून न पचता किती बाहेर पडतंय तेही मोजलं. २८ ग्रॅम बदामांतून हिशेबाने १७० च्या आसपास कॅलरीज मिळायला हव्या होत्या, प्रत्यक्षात मिळाल्या १२९. बदामाच्या पेशींच्या भिंती इतक्या चिवट असतात की आपण चावल्यावरही त्या सगळ्या फुटत नाहीत आणि आतलं बरंचसं तेल तसंच निघून जातं. भाजल्यावर ही सूट थोडी कमी होते, पण राहते. साखरेला मात्र असली काहीच सूट नाही, ती जेवढी खाल्ली तेवढी सगळी अंगाला लागते.

तरी पाकातले बदाम म्हणजे नुसती साखरेची गोळी असं मी म्हणणार नाही, ते खरं नाही. त्या १६ बदामांत मॅग्नेशियम आहे, आणि ते उष्णतेने कुठे जात नाही. व्हिटॅमिन ई भाजताना थोडं कमी होतं, तरी बऱ्यापैकी उरतं. फॅट आणि फायबर सोबत असल्यामुळे पोट सावकाश रिकामं होतं, म्हणून तेवढीच साखर सरबतातून घेण्यापेक्षा अशी खाल्लेली बरी. दातांना चिकटते तो भाग वेगळा, त्यावर नंतर चूळ भरा.

अडचण अशी आहे की २८ ग्रॅमवर कोण थांबतं? साधे बदाम चावून चावून जबडा दुखतो आणि हात आपोआप थांबतो. गोड, कुरकुरीत, वरून चिमूटभर मीठ असं असलं की तो थांबत नाही, माझा तरी थांबत नाही. उजव्या ताटलीत मी २३ बदाम पुरे केले तर वजन ४० ग्रॅमवर जातं आणि साखर १३-१४ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलंय की वरून घातलेली साखर रोजच्या कॅलरीजच्या १० टक्क्यांच्या खाली ठेवा, जमलं तर ५ टक्क्यांच्या. दिवसाला २००० कॅलरीज धरल्या तर ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम, आणि त्यातली निम्म्याहून जास्त या एका ताटलीत संपली. साखरेऐवजी मध वापरला तरी तो याच हिशेबात धरतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

"नट्स हार्टला चांगले" असं आपण जे ऐकतो ते कुठून आलं तेही बघा. स्पेनमधला प्रेडिमेड अभ्यास, सात हजारांवर लोक, त्यातल्या एका गटाला रोज ३० ग्रॅम नट्स, १५ ग्रॅम अक्रोड आणि बाकी बदाम-हेझलनट. पाकातले नव्हते ते! साध्या नट्सचं ते श्रेय गोड पाकिटाला देऊन टाकणं मला पटत नाही.

विकत घेताना पाकिटामागची घटकांची यादी वाचा, त्यात वजनाने जे जास्त ते आधी लिहितात. साखर पहिली असेल तर त्या पाकिटात बदामांपेक्षा साखर जास्त आहे. ती दुसरी-तिसरी असेल तरी पुढे ग्लुकोज सिरप, मध अशी वेगवेगळी नावं आहेत का बघा, ती सगळी एकत्र मोजायची. आणि लहान मुलांना, म्हणजे पाच वर्षांच्या आतल्या, अख्खे नट्स देऊच नका, गोड असोत की साधे, घशात अडकतात.

आज सकाळी मी परत एक घाणा केला. बदाम तेच २०० ग्रॅम, साखर फक्त ४० ग्रॅम, आणि दालचिनी भरपूर. पाक सगळीकडे पुरला नाही, काही बदामांची एक बाजू उघडीच राहिली, तिथे साल दिसतंय, हे बघा, जवळून दाखवतो. पण कुरकुरीत झालेत आणि गोडही लागतायत. २८ ग्रॅम मोजून तिसऱ्या ताटलीत ठेवलेत, १९ भरले.