याकुशिमाला जाताना एक दिवस मोकळा ठेवा

नमस्कार, श्रोतेहो. ओळखीचे कुणी जपानला निघाले की तोक्यो आणि क्योतोच्या जोडीने याकुशिमा या बेटाचे नाव मी आवर्जून सुचवते. ते सुचवताना एक गोष्ट दोनदा सांगते, ती आपल्यालाही सांगते: तिथे जाण्याचा बेत आखताना एक अख्खा दिवस मोकळा ठेवा.

क्युशू या जपानच्या दक्षिणेकडच्या मोठ्या बेटाच्या दक्षिण टोकापासून सुमारे 60 किलोमीटरवर असलेले हे बेट जवळजवळ गोल असून त्याचे क्षेत्रफळ साधारण 500 चौरस किलोमीटर आहे. एवढ्याशा जागेत मधोमध मियानोउरा-दाके हे 1,936 मीटर उंचीचे, म्हणजे आपल्या कळसूबाईहूनही उंच असे शिखर उभे आहे. समुद्रावरून येणारी उष्ण, दमट हवा या डोंगरांना अडते, वर चढते, थंड होते आणि कोसळते. किनाऱ्यावरच वर्षाला 4,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि आतल्या डोंगरांत तो 8,000 ते 10,000 मिलिमीटरपर्यंत जातो. आपल्या आंबोलीचा पाऊस मुख्यतः चार महिन्यांचा. याकुशिमात तो बारा महिने येतो आणि जूनमध्ये सर्वांत जास्त असतो. त्यामुळे कोरडे दिवस शोधून जाण्याचा विचार सोडून द्यावा आणि पाऊस गृहीत धरूनच बेत आखावा.

या पावसातच तिथले सुगी वृक्ष, म्हणजे जपानी देवदार, वाढले आहेत. जमीन ग्रॅनाइटची, माती थोडी आणि निकस, म्हणून झाड फार सावकाश वाढते. त्याचे लाकूड घट्ट होते, त्यात राळ भरपूर साठते आणि ते सहजासहजी कुजत नाही. हजार वर्षांवरच्या झाडालाच तिथे याकुसुगी म्हणतात. एके काळी डोंगर देवाचा मानून लोक या वृक्षांना हात लावत नसत. सतराव्या शतकात तोमारी जोचिकू नावाच्या विद्वानाने बेटावरच्या लोकांना तोडीसाठी तयार केले, अशी कथा आहे: रात्री खोडाला कुऱ्हाड टेकवून ठेवायची, सकाळी ती पडलेली दिसली तर देवाची परवानगी नाही असे समजायचे. कोकणात देवाला कौल लावतात, तसाच हा प्रकार. पुढे छपराच्या फळ्यांसाठी सरळ खोडे तोडली गेली आणि वाकडी, गाठाळलेली राहिली. जोमोन सुगी हा 16.4 मीटर घेराचा, किमान 2,000 वर्षांहून जुना मानला जाणारा महावृक्ष त्या गाठींमुळेच वाचला, असे सांगतात. देवराया राखणाऱ्या आपल्या गावांनी ही कथा जरूर ऐकावी, असे मला मनापासून वाटते.

आता तो प्रसंग सांगते, ज्यामुळे मी मोकळ्या दिवसाचा एवढा आग्रह धरते.

आम्ही दोघी बहिणी मियानोउरा गावात एका घरगुती निवासात उतरलो होतो. धाकटीने पुण्यात जपानी शिकून घेतली असल्यामुळे बोलण्याची अडचण नव्हती. शिरातानी उनसुइक्यो या शेवाळाने भरलेल्या दरीत जाण्यासाठी आम्ही एक वाटाड्या ठरवला होता. साठी उलटलेल्या या गृहस्थांचे बालपण कोसुगिदानी या डोंगरातल्या लाकूडतोड्यांच्या वस्तीत गेले होते. ती वस्ती 1970 मध्ये बंद झाली. आमच्यासोबत ओसाकाचे एक निवृत्त जोडपे होते आणि त्यांची परतीची बोट त्याच संध्याकाळची होती.

सकाळपासून पाऊस होता, पण तो जोराचा नव्हता. बेटावर शेवाळाचे सुमारे 600 प्रकार आहेत; दगड, मुळे, आडवी पडलेली खोडे, सगळे हिरवे आणि पाण्याने जड झालेले होते. तासाभराने एक ओढा आला. पलीकडे जायला दगडांवर पाय ठेवत जायचे होते आणि ते दगड अजून पाण्याच्या वर दिसत होते. आमचे वाटाडे मात्र थांबले. तिथल्या ग्रॅनाइटमध्ये बोटाएवढे पांढरे स्फटिक असतात. तसा एक ठसठशीत दगड त्यांनी दाखवला, तो पाण्याच्या वीतभर वर होता. त्यांनी आम्हाला सांगितले, "याच्याकडे लक्ष ठेवून चहा घ्या."

आम्ही थर्मासमधला चहा ओतून घेतला. पेला अर्धा झाला तेव्हा पाणी दगडाला लागले होते आणि चहा संपला तेव्हा पांढरे स्फटिक पाण्याखाली गेले होते. आमच्या डोक्यावरचा पाऊस काही वाढला नव्हता; तो वर, डोंगरात वाढला होता. वाटाडे उठले आणि म्हणाले, "परत जाऊया." ओसाकाचे गृहस्थ अतिशय नम्रपणे म्हणाले, की पाणी अजून घोट्यापर्यंतच आहे, ताइको-इवाचा कडा आता फार लांब नाही आणि या दिवसाची ते कित्येक वर्षे वाट पाहत होते. वाटाडे तितक्याच नम्रपणे म्हणाले, "आत्ता पलीकडे जाता येईल. दुपारी अलीकडे येता येणार नाही." त्यानंतर कुणी काही बोलले नाही आणि आम्ही सगळे वळलो.

ते जोडपे संध्याकाळच्या बोटीने गेले. आमचा दुसरा दिवस मोकळा होता. रात्री पाऊस ओसरला आणि सकाळी त्याच ओढ्यावर पोहोचलो तेव्हा तो दगड पुन्हा वीतभर वर आला होता. उतार तीव्र आणि माती कमी असल्यामुळे तिथले पाणी जसे झपाट्याने चढते तसेच झपाट्याने उतरते. आम्ही ओढा ओलांडला, वर चढलो आणि सुमारे 1,050 मीटर उंचीवरच्या त्या कड्यावरून बेटाची मधली शिखरे पाहिली. बहिणीने ओसाकाच्या जोडप्याला छायाचित्र पाठवले, पण त्या दोघांनी तिथे उभे राहायला हवे होते, असे मला आजही वाटते.

म्हणून पुन्हा सांगते, एक दिवस मोकळा ठेवा. आठ दिवसांत सहा शहरे दाखवणाऱ्या सहलींविषयी माझे मत चांगले नाही, आणि याकुशिमा अशा सहलीत बसवू नये, हे तर मी ठामपणे सांगते. किमान चार रात्री द्या.

क्युशूवरच्या कागोशिमा शहराहून वेगवान बोटीने दोन-तीन तासांत, मोठ्या फेरीने सुमारे चार तासांत किंवा छोट्या विमानाने तिथे पोहोचता येते. ऑगस्ट-सप्टेंबरच्या वादळांत या सेवा बंद पडतात, त्यामुळे मार्च-अखेर ते मे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर हा काळ बरा; फक्त मेच्या पहिल्या आठवड्यातली जपानी सुट्टीची गर्दी टाळा. जोमोन सुगीची वाट जाऊन-येऊन 22 किलोमीटर आणि नऊ-दहा तासांची आहे. मार्च ते नोव्हेंबर तिच्या सुरुवातीपर्यंत खासगी गाडी नेता येत नाही. बस पहाटे निघते आणि तिचे तिकीट आदल्या दिवशीच घ्यावे लागते. एवढे चालणे झेपत नसेल तर याकुसुगी लँड या वनउद्यानात आखलेल्या छोट्या वाटांवरही हजार वर्षांची झाडे भेटतात.

पश्चिमेच्या वनरस्त्यावर माकडे आणि हरणे दिसतात, पण तिथे बस जात नाही. आपल्याकडून काढलेला आंतरराष्ट्रीय वाहन परवाना जपानमध्ये चालतो आणि गाडी डावीकडूनच हाकायची असते. शाकाहारी मंडळींनी निवासाच्या लोकांना आधीच कळवावे, कारण तिथल्या साध्या सुपातही माशांचा अर्क असतो. पावसासाठी पातळ प्लास्टिकचा झगा नेऊ नका. सदरा आणि विजार वेगळी असलेला पावसाळी पोशाख आणि चांगली पकड असलेले बूट न्या.

मे ते जुलैच्या दरम्यान गेलात तर नागाता गावाच्या किनाऱ्यावर रात्री समुद्री कासवे अंडी घालायला येतात. वेळासला पिल्ले पाहायला गेलेल्या श्रोत्यांना किनाऱ्यावरची शिस्त ठाऊक आहेच: विजेरी लावू नये आणि स्थानिक मार्गदर्शकाशिवाय वाळूत उतरू नये. ती रात्रही बेतात धरा, आणि तिच्या दुसऱ्या दिवशी पहाटेची मोठी चढाई ठेवू नका.