पिवळी जेली गुलाबी होते तेव्हा

(दृश्य: एंडोस्कोपी कक्ष, चिमट्याचे टोक)

जठराच्या अस्तराचा हा तुकडा तांदळाच्या दाण्याहूनही लहान आहे. तो पिवळ्या जेलीत टेकवला. जेलीत युरिया आहे, आणि आम्ल शमलं की रंग बदलणारं द्रव्य. थोड्या वेळाने कडेने गुलाबी छटा पसरू लागते. तुकड्यात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू आहे.

जठराच्या आम्लात तो तगतो तो याच युक्तीवर. युरिया फोडून अमोनिया करायचा, भोवतालचं आम्ल मारायचं आणि शेपटांच्या जोरावर श्लेष्मल थरात शिरायचं. १९८२ साली पर्थमध्ये बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांना तो प्रयोगशाळेत वाढवता आला, तोही ईस्टरच्या सुट्टीमुळे. एरवी दोन दिवसांत फेकल्या जाणाऱ्या बशा त्या वेळी पाच दिवस राहिल्या. जंतू संथ वाढणारा, घाई मात्र आपली!

१९९४ मध्ये त्याची नोंद कर्ककारकांच्या पहिल्या गटात, म्हणजे माणसांत कर्करोग घडवतो हे सिद्ध झालेल्यांत, झाली. तरी बहुतेक बाधितांना कर्करोग होत नाही. ज्यांना होतो, त्यांच्या जठरात आधी अनेक वर्षं सूज धुमसत असते. मग आम्ल तयार करणाऱ्या ग्रंथी झिजतात, त्या जागी आतड्यासारख्या पेशी येतात आणि पुढे त्यांची ठेवण बिघडते. या जंतूचे काही वाण तर कॅग-ए हे प्रथिन थेट पेशीत टोचतात. त्याने पेशींची एकमेकींवरची पकड सुटते, वाढीचे संदेश विस्कटतात.

आम्ल घटलं की एरवी तिथे न टिकणारे स्ट्रेप्टोकोकससारखे जंतूही बिऱ्हाड थाटतात. त्यांतले काही नायट्रेटचं नायट्राइट करतात, आणि त्यातून डीएनएला इजा करणारी संयुगं बनू शकतात. कर्करोगप्रवण उंदरांत पायलोरी एकटा असताना रोग सावकाश सरकला, इतर जंतूंची साथ मिळताच वेगाने. माणसांतला या सोबत्यांचा वाटा अजून तपासला जातो आहे.

उपचार साधारण १४ दिवसांचा: आम्लरोधक, बिस्मथ आणि दोन प्रतिजैविकं. डोस चुकले किंवा जंतू दिलेल्या प्रतिजैविकांना दाद देत नसेल, तर तो उरतो. म्हणून तो गेला का हे पाहायला किमान चार आठवड्यांनी श्वासचाचणी. त्याआधी दोन आठवडे आम्लरोधक बंद, नाहीतर निकाल फसवा येतो. रक्तातली प्रतिपिंडं इथे कामाची नाहीत, जंतू गेल्यावरही ती रेंगाळतात.

(दृश्य: दुसरी जेली, पिवळीच)

हा तुकडा झिजलेल्या जठरातला. इथे आता पायलोरीलाही करमत नाही, म्हणून रंग बदलला नाही. अस्तर मात्र बदललेलंच आहे. या रुग्णाला ठरावीक काळाने पुन्हा एंडोस्कोपी लागेल.