हातात काय आहे ते बघा

श्रोतेहो, नमस्कार.

शर्टाच्या गुंडीएवढी शिशाची एक चकती डोळ्यांपुढे आणा. मळकट राखाडी, कडा वेड्यावाकड्या. इसवी सनाच्या पहिल्या तीन शतकांत रोममध्ये आणि ओस्तिया या त्याच्या बंदरात असे बिल्ले ओतले जात. अभ्यासक त्यांना टेसेरा म्हणतात. काहींवर तर सॅटर्नेलिया सणाचा जयघोषच उमटवलेला आहे. इतिहासकार मिखाइल रोस्तोवत्झेफ यांनी 1903 मध्ये रोमच्या बिल्ल्यांची मोठी सूची छापली. ती आजही उघडावी लागते.

बिल्ल्यावरचा देव कोणता, हे ओळखायचं कसं? नाकडोळे शोधू नका. शिसं मऊ, चेहरा केव्हाच झिजलेला असतो. हातात काय आहे ते बघा. गदा आणि सिंहाचं कातडं असेल तर हर्क्युलिस. पैशाची थैली आणि सापांचा विळखा असलेला दंड असेल तर मर्क्युरी, व्यापाराचा देव. हे दोघे फारसा त्रास देत नाहीत.

त्रास देते फोर्तुना, नशिबाची देवी. एका हातात फळांनी भरलेलं शिंग, दुसऱ्या हातात नावेचं सुकाणू. पण शिंग धान्यपुरवठ्याची देवी अन्नोनाही धरते! तिच्याकडे कणसं असतात. म्हणजे निकाल लागतो तो सुकाणूवर, आणि नेमका तोच भाग घासला गेलेला असला, तर 'शिंग धरलेली स्त्री' एवढंच लिहून थांबावं. पुष्कळांना ते जमत नाही. त्यातून सुकाणू दिसलं, पण डोक्यावर इसिसचा मुकुट असला, तर ती इसिस-फोर्तुना. इजिप्तची देवी आणि रोमचं नशीब एकाच अंगात.

आपल्याकडे शंख, चक्र, गदा, पद्म कोणत्या हातात आहे, यावरून विष्णूची चोवीस रूपं ओळखतात. इथे मात्र डाव्या-उजव्याचा भरवसा नाही. कारागीर दगडी साच्यात चित्र कोरायचा आणि ओतताना ते उलटं उमटायचं. कोरताना हा हिशेब चुकला की गदा डाव्या हातात जाते. अक्षरंही उलटी येतात, त्यावरून चूक पकडता येते. अक्षरंच नसली तर पंचाईत.

एक सांगतो. असा बिल्ला पाहताना दिवा वरून धरू नका, अगदी बाजूने, खाली धरा. सुकाणूचा दांडा थोडा जरी उरला असेल, तरी त्याची सावली पडते.