सहाशे बायकांना ऑर्केस्ट्रात बसवणाऱ्या निकल्सबाई

नमस्कार मंडळी! आज जायचंय अमेरिकेत, बॉस्टनला. १८८१ साली तिथे बॉस्टन सिम्फनी ऑर्केस्ट्रा, म्हणजे पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचा मोठा वाद्यवृंद, सुरू झाला. बडे वादक, मोठं नाव, सगळं झकास. पण एखाद्या वाद्याची मुख्य वादक म्हणून पहिली बाई तिथे आली कधी? थेट १९५२ मध्ये! बासरीवादक डोरिअट अँथनी ड्वायर.

आपली आजची गोष्ट त्याच्या कितीतरी आधीची. कॅरोलाइन निकल्स. जन्म १८६४चा, बॉस्टनजवळच्या डेडहॅम गावातला. व्हायोलिन शिकल्या यूलियस आइशबर्ग यांच्याकडे, ज्यांनी अनेक मुलींना तयार केलं होतं. आणि चार्ल्स लोफ्लर यांच्याकडेही. हे लोफ्लर बॉस्टन सिम्फनीत व्हायोलिनच्या अगदी पुढच्या रांगेत बसायचे. म्हणजे विद्या तीच, गुरू तिथलाच, पण शिष्येला मात्र दार बंद.

मग बाईंनी १८८८ मध्ये स्वतःचाच ऑर्केस्ट्रा काढला. नाव 'फॅडेट्स', एका फ्रेंच कादंबरीच्या नायिकेवरून. सुरुवातीला वादक फक्त सहा!

आणि आता खरी अडचण. व्हायोलिन, पियानो, हार्प वाजवणाऱ्या मुली शोधल्या की सापडायच्या. पण ओबो? बासून? ट्रॉम्बोन? ही सगळी फुंकून वाजवायची वाद्यं. आणि मोठाले ड्रम? फुंकताना गाल फुगतात, चेहरा वेडावाकडा होतो, घरंदाज मुलीला हे शोभत नाही, असं लोक तेव्हा उघड बोलायचे. छापायचेसुद्धा! त्यामुळे बायकांच्या बऱ्याच ऑर्केस्ट्रांत या वाद्यांची जागा पियानो नाहीतर ऑर्गनवर भागवली जायची. निकल्सबाईंनी काय केलं? वादक मिळत नाहीत ना, मग घडवायच्या. त्यांच्या हाताखालून सहाशेच्या वर बायका तयार होऊन गेल्या. लोक त्यांना कंडक्टर, म्हणजे समोर उभं राहून वाद्यवृंद चालवणारी, म्हणून ओळखतात. मी तर म्हणेन, बाई मुळात मास्तरीण होत्या, आणि ऑर्केस्ट्रा ही त्यांची शाळा होती.

पण एवढ्या बायकांना पगार द्यायचा कुठून? इथे मला त्यांचं व्यवहारज्ञान फार आवडतं. १९०२ पासून फॅडेट्स व्हॉडव्हिलमध्ये वाजवायला लागल्या. व्हॉडव्हिल म्हणजे एकाच तिकिटात विनोद, कसरती, जादूचे प्रयोग, गाणी आणि शिकवलेले कुत्रे. हो, कुत्रेसुद्धा! बी. एफ. कीथ यांची थिएटरं यात सगळ्यांत नावाजलेली; सहकुटुंब बसून बघता येईल असेच खेळ लावायचे, ही त्यांची जाहिरात. तिथे काळ्या कोटातले रसिक नव्हते. कामावरून सुटलेली साधी माणसं होती, आणि त्यांच्यापुढे बायकांचा अख्खा ऑर्केस्ट्रा वाजत होता.

आता जरा हिशेब करा. १८९० ते १९२० या तीस वर्षांत सहा हजारांवर कार्यक्रम, त्यातले जवळपास निम्मे व्हॉडव्हिलमधले. वर्षाला सरासरी दोनशे! शिवाय गावोगावचे दौरे, सामानसुमान, तालमी, आणि लग्न ठरलं की सोडून जाणाऱ्या वादक. तीही जागा भरायची, पुन्हा पहिल्यापासून शिकवायचं.

१९२० मध्ये फॅडेट्स बंद झाल्या. बाई १९३९ मध्ये गेल्या.

तुमच्या ओळखीत कोणी बाई ट्रॉम्बोन किंवा बासून वाजवत असेल, तर खाली नक्की लिहा. मला त्यांच्याशी बोलायचंय.